पायरीचा पाठ : ईश्वरासमोर नम्रता आणि मौन

मंदिरात येणारा प्रत्येक भाविक काही ना काही घेऊन येतो. कोणी नारळ, फुले, तुळशीची माळ आणतो. कोणी नवस फेडण्यासाठी येतो. तर कोणी मनातील दुःख कोणापुढे उघड करावे हे न कळल्यामुळे देवापुढे येतो. रांगेत काही तास उभे राहिल्यानंतर मूर्तीसमोर मिळणारे क्षण मात्र मोजकेच असतात. त्या मोजक्या क्षणांत आपले सर्व म्हणणे देवाच्या कानी घालण्याची घाई होते आणि पुष्कळदा असे घडते की, भाविक देवाशी बोलून परततो. परंतु देवाला पाहून परतत नाही. बाहेर आल्यावर आज श्रींना कोणत्या रंगाचे वस्त्र होते असे कोणी विचारले, तर सांगता येत नाही. दर्शन या शब्दाचा अर्थच पाहणे असा आहे आणि पाहण्यासाठी थोडा वेळ तरी बोलणे थांबवावे लागते.

बोलणे थांबविणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. जीभ थांबली तरी मन बोलतच राहते आणि मनाच्या त्या बोलण्यात ‘मी’ हा शब्द सर्वांत अधिक वेळा येतो. मी इतक्या वाऱ्या केल्या, मी इतके दान दिले, माझ्यावरच हे संकट का आले, असा तो ओघ असतो. म्हणून आपल्या परंपरेने मौन आणि नम्रता यांचा विचार एकमेकांपासून वेगळा केलेला नाही. ‘मी’ शांत झाल्यावाचून मौन साधत नाही आणि मौनावाचून ‘मी’ किती बोलतो आहे हे कळत नाही. महाराष्ट्रातील संतांच्या चरित्रांतून हा पाठ कसा शिकविला गेला, याचे थोडे चिंतन येथे केले आहे.

गीतेतील स्थान

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्या मालिकेचा आरंभ अमानित्व या गुणाने होतो. अमानित्व म्हणजे मानाची अपेक्षा नसणे. ज्ञानाच्या वर्णनात ग्रंथांचे अध्ययन, वादविवादातील कौशल्य किंवा सिद्धी यांपैकी काहीही प्रथम न सांगता भगवंतांनी नम्रता प्रथम सांगितली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या एका शब्दावर श्रीज्ञानेश्वर महाराजांनी सविस्तर विवेचन केले आहे. पारध्याने कोंडलेल्या हरिणाला जसा जीव नकोसा होतो, तसा नम्र पुरुष सन्मानाने कासावीस होतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. अंगी मोठी विद्वत्ता असली तरी लोकांनी मोठेपणा देऊ नये म्हणून तो ती झाकून ठेवतो.

सतराव्या अध्यायात तपाचे कायिक, वाचिक व मानसिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. मौन हे वाचेचे तप असेल, अशी कोणाचीही सहज समजूत होईल. परंतु गीतेने मौनाची गणना मानसिक तपात केली आहे. वाचिक तपात येते ते सत्य, प्रिय, हितकर आणि कोणाच्या मनाला उद्वेग न देणारे बोलणे, तसेच स्वाध्याय. याचा अर्थ असा की, वाचेचे तप चांगले बोलण्याने घडते आणि मौनाचे तप मनाने करावयाचे असते. ओठ मिटून मनात दुसऱ्याचे दोष मोजीत बसलेला मनुष्य मौनात नसतो. उलट, रांगेत मागे उभ्या असलेल्या वृद्ध मातेला गोड शब्दांत पुढे जाऊ देणारा भाविक बोलूनही मौनाच्या जवळ पोहोचलेला असतो.

तेरचा प्रसंग : थापटणे आणि मडकी

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. गोरोबा जातीने व व्यवसायाने कुंभार होते आणि समकालीन संतमंडळींत वयाने वडील असल्यामुळे सर्वजण त्यांना काका म्हणत. परंपरेने सांगितलेली कथा अशी की, एकदा ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव आदी संत गोरोबांच्या घरी जमले होते. मुक्ताबाईंनी तेथील थापटण्याकडे बोट दाखवून हे कशासाठी वापरतात, असे विचारले. मडके पक्के आहे की कच्चे, हे थापटून पाहण्याचे ते साधन, असे उत्तर मिळाले. तेव्हा जमलेल्या मडक्यांचीही परीक्षा व्हावी, असे मुक्ताबाईंनी सुचविले.

गोरोबांनी थापटणे हाती घेतले व एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहण्यास आरंभ केला. सर्व संत शांत बसून राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले. घरी बोलावलेल्या पाहुण्याशी असे वागणे शोभते काय, असा त्यांचा रोष होता. गोरोबांनी निर्णय दिला की, हे एकच मडके कच्चे आहे.

या कथेतील एक गोष्ट सहसा निसटून जाते. नामदेव हे सामान्य भक्त नव्हते. लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष श्रीविठ्ठलाने ग्रहण केला, अशी श्रद्धा आहे. देव त्यांच्याशी बोलत असे. भक्तीत उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो ‘देव माझ्याशी बोलतो’ या जाणिवेचा. जी गोष्ट अत्यंत पवित्र, तीच अहंकाराचे घर बनली होती. धनाचा, रूपाचा, अधिकाराचा अहंकार मनुष्याला स्वतःलाही कधीतरी दिसतो. भक्तीचा अहंकार मात्र भक्तीचेच वस्त्र पांघरून बसतो आणि म्हणून तो ओळखण्यास थापटणे लागते. इतर संतांचे मौन हे भीतीचे किंवा संकोचाचे मौन नव्हते. ज्याला धक्का लागावा असे आत काही उरलेच नव्हते, म्हणून आवाज झाला नाही.

औंढ्याचा प्रसंग : पाय ठेवण्याची जागा

दुखावलेले नामदेव पंढरपुरास परतले आणि त्यांनी देवाजवळ गाऱ्हाणे मांडले. देवाने त्यांची समजूत काढली नाही. सद्गुरूवाचून पक्केपणा येत नाही, असे सांगून त्यांना विसोबा खेचर यांच्याकडे पाठविले. हा प्रसंग परंपरेने हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मानला जातो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून महाराष्ट्रातील भाविक या क्षेत्राला मानतात.

नामदेव देवळात गेले, तो विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांना ते सहन झाले नाही. त्यांनी पाय काढण्यास सांगितले. विसोबा म्हणाले की, वार्धक्यामुळे त्यांना पाय उचलवत नाहीत. जेथे देव नसेल तेथे नामदेवांनीच ते नेऊन ठेवावेत. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथे पिंडी दिसू लागली. पुन्हा हलविले, तर तेथेही तेच. अखेर नामदेव थांबले. देव नाही अशी जागाच उरली नाही, तेव्हा ‘माझा देव’ आणि ‘मला भेटणारा देव’ हे शब्दही उरले नाहीत.

विसोबांच्या जीवनातही हा पाठ पूर्वीच घडून गेला होता. ज्ञानेश्वरादी भावंडांचा प्रथम ते द्वेष करीत आणि पुढे पश्चात्ताप होऊन त्यांनाच शरण गेले, अशी कथा संतचरित्रांत येते. ज्याने स्वतःचा ताठा मोडलेला अनुभवला आहे, त्यालाच देवाने नामदेवांचा गुरू म्हणून निवडले. या कथेत उपदेशाचे लांबलचक भाषण नाही. गुरूने एक काम सांगितले आणि शिष्याने ते करून पाहिले, एवढेच घडले.

महाद्वाराची पायरी

पुढे नामदेवांनी भक्तीचा प्रसार महाराष्ट्राबाहेर पंजाबपर्यंत केला. पंजाबातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे क्षेत्र बनले आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. एवढ्या कीर्तीच्या पुरुषाचे स्मारक कोठे असावे? परंपरेनुसार इसवी सन १३५० मध्ये त्यांनी पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वारी समाधी घेतली. संतांच्या आणि भक्तांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, ही त्यांची इच्छा होती. ती जागा ‘नामदेव पायरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. श्रद्धेने भाविक त्या पायरीवर पाय न ठेवता ती वंदन करून पुढे जातात.

तेरला ज्या मस्तकाला थापटण्याचा स्पर्श सहन झाला नाही, त्याच मस्तकाने पुढे लक्षावधी पावलांखालची जागा मागून घेतली. कच्चे मडके पक्के झाल्याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती असणार?

चोखोबांची समाधी : नम्रता आणि अवहेलना

याच पायरीसमोर संत चोखामेळा यांची समाधी आहे आणि तिच्याकडे पाहिल्यावाचून हा पाठ पूर्ण होत नाही. चोखोबा महार समाजातील होते. विठ्ठलाचे निस्सीम भक्त असूनही त्या काळच्या रूढीमुळे त्यांना मंदिरात प्रवेश मिळाला नाही. इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढा येथे गावकुसाचे काम करीत असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या, अशी खूण त्यांनी मानली, असे परंपरा सांगते.

नामदेव पायरीशी राहिले ते स्वेच्छेने. चोखोबांना दाराबाहेर राहावे लागले ते इतरांच्या इच्छेने. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. नम्रता ज्याची त्याने स्वीकारावयाची असते. ती दुसऱ्यावर लादली की तिचे नाव अवहेलना होते. चोखोबा देवापुढे विनम्र होते. पण आपल्या अभंगांतून त्यांनी विटाळाच्या कल्पनेला प्रश्न विचारले आणि देवाजवळ आपले दुःख स्पष्ट शब्दांत मांडले. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनीही तसेच केले. ईश्वरासमोरचे मौन म्हणजे अन्यायासमोरचे मौन नव्हे, हे या दांपत्याने दाखवून दिले.

ते दार उघडण्यास पुढे सहा शतके लागली. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्रथम महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळविण्याचा प्रयत्न केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. त्यानंतर मंदिराचे दरवाजे दलित बांधवांसाठी खुले झाले. प्रत्येक मंदिराच्या व्यवस्थापनाने आणि प्रत्येक भाविकाने हा इतिहास ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. रांगेतील गरीब माणसाला गप्प बसविणे ही शिस्त नव्हे आणि स्वतः गप्प राहून त्याला पुढे जाऊ देणे हा कमीपणा नव्हे.

कोरा कागद

मौनाची आणखी एक प्रसिद्ध कथा चांगदेवांची आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेले योगी अशी त्यांची ख्याती परंपरेत आहे. बालवयातील ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावे, असे त्यांच्या मनात आले. परंतु मायना काय घालावा हेच त्यांना ठरविता येईना. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. तीर्थरूप लिहावे, तर स्वतःचे वय आड येते. शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठविला. इतकी वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले, असे मुक्ताबाईंनी तो पाहून म्हटले. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचे उत्तर दिले. ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पुढे चांगदेवांनी वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करले.

चांगदेवांचा कागद कोरा राहिला तो नम्रतेमुळे नव्हे, तर आपला मान कोठे ठेवावा या विवंचनेमुळे. तरीही त्या कागदाला उत्तर मिळाले. ज्या भाविकांना देवासमोर उभे राहिल्यावर काय मागावे हे सुचत नाही, मंत्र आठवत नाही, डोळे भरून येतात आणि शब्द येत नाहीत, त्यांनी ही कथा आठवावी. कोरे मन घेऊन आलेला भाविक रिकामा आलेला नसतो.

दात्यांसाठी एक आदर्श

दान करणाऱ्यांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे चरित्र मार्गदर्शक आहे. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्य सांभाळले आणि काशीपासून रामेश्वरपर्यंत देशभरातील तीर्थक्षेत्री मंदिरे, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांसाठी मुक्तहस्ते दान केले. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानाविषयीच्या ग्रंथात त्यांची एक हकिकत नोंदविली आहे. एका विद्वान ब्राह्मणाने अहिल्यादेवींच्या स्तुतीपर ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, इतक्या स्तुतीस आपण पात्र नाही असे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याची आज्ञा केली. ग्रंथकर्त्याची त्यांनी पुढे दखलही घेतली नाही.

मंदिराच्या भिंतीवर किंवा फरशीवर दात्याचे नाव कोरण्याची पद्धत जुनी आहे आणि तीत काही गैर नाही. त्या नावामुळे इतरांना दानाची प्रेरणा मिळते आणि पूर्वजांचे स्मरण राहते. अनेक जुन्या देवळांच्या पायरीवर किंवा फरशीवर दंडवत घालणाऱ्या भक्ताची आकृती कोरलेली आढळते. ज्याने ती कोरविली, त्याने आपल्यासाठी लोकांच्या पायाखालची जागा निवडली. नाव कोरले जावो अथवा न जावो, देणाऱ्याच्या मनात ते किती मोठ्या अक्षरांत कोरले आहे, एवढेच ज्याचे त्याने पाहावे.

मंदिराची रचना काय शिकविते

आपल्या मंदिरांची बांधणीही हाच पाठ देते. महाद्वारापाशी बाजाराचा गजबजाट असतो. पायरी चढताना मान आपोआप खाली झुकते. सभामंडपात भजन, कीर्तन, घंटानाद यांना स्थान असते. तेथे वाणी देवाच्या सेवेत रमते. अनेक मंदिरांत तेथे जमिनीवर दगडी कासव असते. कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते, तशी इंद्रिये विषयांपासून आवरावी, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे; त्याचे ते स्मरण होय. पुढे अंतराळ, आणि मग गाभारा. तेथील दार बहुधा ठेंगणे, उंबरा उंच आणि उजेड मंद असतो. राजालाही तेथे वाकूनच जावे लागते. बाहेरून आत येताना आवाज, प्रकाश आणि जागा ही तिन्ही क्रमाने कमी होत जातात आणि शेवटी उरतो तो एक नंदादीप व एक मूर्ती. पाहणाऱ्याने गप्प व्हावे, याहून अधिक स्पष्ट सूचना कोणता फलक देऊ शकेल?

भाविकांनी आचरणात आणावयाच्या काही गोष्टी

१. महाद्वारात शिरताना भ्रमणध्वनी बंद करून ठेवावा आणि पायरीला हात लावून क्षणभर थांबावे.

२. रांगेत नामस्मरण करावे. वृद्ध, अपंग, गर्भवती आणि लहान मुलांसह आलेल्या स्त्रिया यांना न सांगता वाट द्यावी.

३. मूर्तीसमोर प्रथम डोळे भरून पाहावे, मग हात जोडावेत आणि मागणे असल्यास सर्वांत शेवटी मनात सांगावे.

४. दर्शनानंतर सभामंडपात निदान पाच मिनिटे काहीही न बोलता बसावे. मनात विचार आल्यास त्यांच्याशी भांडू नये. कासवाकडे पाहावे व पुन्हा स्वस्थ व्हावे.

५. परतताना झाडलोट करणारे सेवेकरी, पादत्राणे सांभाळणारे, पाणी देणारे यांच्याशी नम्रतेने बोलावे. वारीत वारकरी लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतात आणि एकमेकांना माउली म्हणतात. त्या पद्धतीत सर्व शिकवण आली आहे.

हे एका भेटीत साधणार नाही. नामदेवांसारख्या श्रेष्ठ भक्तालाही तेर, औंढा आणि पंढरपूर असा प्रवास करावा लागला. घरी गेल्यावर रोज देवघरासमोर थोडा वेळ मौन पाळल्यास या पाठाची उजळणी होत राहील.

पंढरीच्या कथेत शेवटी देवानेच आदर्श घालून दिला आहे. भक्त पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतला होता. दारी आलेल्या देवाला त्याने वीट फेकून तीवर उभे राहण्यास सांगितले. देव रागावला नाही. तो त्या विटेवर कमरेवर हात ठेवून निमूटपणे उभा राहिला, तो आजही उभाच आहे. ज्याच्या दर्शनासाठी भाविक काही तास वाट पाहतो, तो त्याच्यासाठी युगानुयुगे वाट पाहत आहे, एवढे जाणले की रांग लांब वाटत नाही आणि गाभाऱ्यात बोलण्याची घाईही उरत नाही.

सर्व भाविकांना श्रींच्या चरणी स्वस्थ चित्ताचा लाभ होवो, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥